प्रीमियर पद्मिनी : जतन व देखभाल

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने तयार केलेली चार दारांची प्रवासी मोटारगाडी होय. इटलीतील फियाट कंपनीच्या '११०० डी' या गाडीवर ती बेतलेली असल्यामुळे बोलीभाषेत तिला आजही 'फियाट' असेच म्हटले जाते. उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी महाराष्ट्र, गोवा, तमिळनाडू, केरळ इत्यादी राज्यांत या गाड्या खासगी मालकांकडे चालू स्थितीत आढळतात. प्रस्तुत लेखात गाडीचा थोडक्यात इतिहास व रचना देऊन तिची देखभाल, नेहमी उद्भवणारे बिघाड, त्यांचे निदान आणि जुन्या वाहनांना लागू असलेले नियम यांची माहिती दिली आहे.

इतिहास

उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून गाड्यांची जुळणी करण्यात येत असे. १९५० च्या दशकात फियाटशी सहकार्य सुरू झाले व ११०० या मालिकेतील गाड्या कुर्ल्यात तयार होऊ लागल्या. यांपैकी सुरुवातीच्या गोलसर ठेवणीच्या गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. तिची पुढची दारे मागच्या बाजूस बिजागऱ्या असलेली, म्हणजे आजच्या दारांच्या उलट दिशेने उघडणारी होती.

१९६४ मध्ये ११०० डी ही अधिक चौकोनी बांध्याची गाडी 'डिलाइट' या नावाने भारतात आली. फियाटशी असलेल्या कराराची मुदत संपल्यावर तिला काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' असे संबोधण्यात येऊ लागले. चितोडच्या राणी पद्मिनीवरून हे नाव घेतले आहे. परवाना पद्धतीच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बाजारात खरी निवड होती ती हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर आणि पद्मिनी या दोहोंतच. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर ही स्थिती पालटली. पद्मिनीचे उत्पादन मात्र पुढेही चालू राहिले व २००० च्या सुमारास ते थांबले.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप बराच काळ पद्मिनीनेच निश्चित केले होते. शहरात टॅक्सीच्या वयाची मर्यादा प्रथम २५ व नंतर २० वर्षे करण्यात आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेरीस या गाडीची टॅक्सी म्हणून कारकीर्द अधिकृतपणे संपली. बेस्टच्या जुन्या डिझेल दुमजली बसगाड्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निरोप घेतला होता. टॅक्सींच्या निवृत्तीचा परिणाम खासगी मालकांवरही झाला. रस्त्यावर हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर सुटे भाग बनवणारे लहान कारखानदार, ते विकणारे दुकानदार आणि इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री यांना पुरेसे काम होते. आता हे जाळे विरळ होत चालले आहे. पद्मिनीच्या मालकाला स्वतःच्या गाडीची यंत्ररचना समजून घ्यावी लागते, ती मुख्यतः याच कारणाने.

रचना

पद्मिनीत १०८९ घनसेंमी क्षमतेचे, चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन असते. सिलिंडरचा व्यास ६८ मिमी व दट्ट्याचा फेरा ७५ मिमी आहे. इंजिनाचा मुख्य ठोकळा बिडाचा, तर वरचे झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचे असते. कॅमशाफ्ट ठोकळ्यात असून ती साखळीने फिरते आणि पुशरॉड व रॉकर यांच्या साहाय्याने हेडमधील झडपा उघडते. मिळणारी शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या कोणत्याही लहान मोटारीपेक्षा कमीच. गाडीचे वजन ९०० किलोग्रॅमच्या आत असल्याने ती सपाट रस्त्यावर पुरेशी ठरते.

इंजिन पुढे व चालकशक्ती मागच्या चाकांना अशी जुनी मांडणी यात आहे. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असून पुढे जाण्यासाठी चार गिअर आहेत. पहिल्या गिअरला समक्रमण यंत्रणा नसल्याने गाडी पूर्ण थांबल्याखेरीज तो टाकू नये, अन्यथा दाते घासल्याचा कर्कश आवाज येतो. पुढच्या चाकांना स्वतंत्र निलंबन व गुंडाळी स्प्रिंगा, मागे सलग आस व पाट्यांच्या स्प्रिंगा, तसेच चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वेगळी चौकट, म्हणजे चॅसी, नसून पत्र्याचा सांगाडाच गाडीचा सर्व भार पेलतो. ही शेवटची बाब जतनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. शेवटच्या काळातील काही गाड्यांत डिझेल इंजिन, तर काहींत जमिनीवरचा गिअरदांडा देण्यात आला होता. पुढील विवेचन मात्र पेट्रोल इंजिन असलेल्या नेहमीच्या गाडीविषयी आहे.

पत्रा आणि गंज

जुनी पद्मिनी विकत घेणारा प्रथम इंजिन सुरू करून पाहतो. वास्तविक इंजिन हा त्या गाडीतील सर्वांत सहज दुरुस्त होणारा भाग आहे. सांगाडाच भार पेलत असल्याने दारांखालची पेटी, पायाखालचा पत्रा, मागील पाट्यांच्या स्प्रिंगा जेथे अडकवलेल्या असतात ती जागा आणि पुढच्या निलंबनाचे आधार गंजून पोकळ झाले, तर गाडी चालवण्यास धोकादायक ठरते. तिचे काम करण्याचा खर्च इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीहूनही अधिक होऊ शकतो. कोकण किनारा, मुंबई व गोवा येथील खारट, दमट हवेत राहिलेल्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. देशावरच्या कोरड्या हवेतील गाडीचा रंग उडालेला असला तरी पत्रा बहुधा शाबूत असतो.

गंज लपवण्याची नेहमीची रीत म्हणजे भोकावर लांबी भरून वरून रंग मारणे. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवल्यास लांबी भरलेल्या जागी तो धरत नाही. बोटाच्या पेराने टकटक केल्यास पत्र्याचा आवाज खणखणीत, तर लांबीचा बद्द येतो. गालिचा उचलून पायाखालचा पत्रा पाहणे, सामानकप्प्यातील जादा चाकाखालचा खळगा तपासणे, दाराच्या खालच्या कडेतील पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी आहेत का हे तारेने चाचपणे एवढ्यानेही बराच उलगडा होतो. दार उघडून ते किंचित वर उचलून पाहावे. बिजागरीचा खिळा झिजला असेल तर दार खुळखुळते, पण खांबच हलत असेल तर आतला पत्रा गेला आहे असे समजावे.

चालू गाडीत गंज रोखण्यासाठी पावसाळ्यानंतर चाकांवरील कमानींतील चिखल धुऊन काढणे, पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवणे आणि पोकळ पेट्यांमध्ये मेणयुक्त द्रव फवारणे हे उपाय केले जातात. गाडीच्या तळाला डांबरासारखा जाड थर देण्याची पद्धत रूढ आहे. आधीचा गंज खरवडून न काढता हा थर दिला, तर ओल त्याखाली कोंडते व पत्रा आतून कुजत राहतो.

शीतकरण

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे पद्मिनीचे इंजिन एकदा जरी फार तापले, तरी हेड वाकून त्याखालचे गॅस्केट फुटण्याची शक्यता असते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढताना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट व अँबेसेडर आणि त्यांच्या शेजारी पाण्याचा डबा घेऊन उभे असलेले चालक हे एके काळी नेहमीचे दृश्य होते.

इंजिन तापण्याची कारणे पुढील क्रमाने तपासणे सोयीचे असते : पाण्याची पातळी, पंख्याचा पट्टा, रेडिएटरच्या झाकणाचे रबर, थर्मोस्टॅट, रेडिएटरच्या नळ्या, पाण्याचा पंप व शेवटी गॅस्केट. अनेक वर्षे विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी भरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. रेडिएटर बाहेरून तांबूस व चकचकीत दिसत असला तरी आतून निम्मा बंद असू शकतो. गाडी तापवून रेडिएटरवरून सावधपणे हात फिरवला असता जो भाग गार लागतो तेथे पाणी पोहोचत नाही असे समजावे. पंख्याची पाती अचानक हातात येऊ शकतात, म्हणून ही तपासणी इंजिन बंद करूनच करावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे पाणी उसळून गंभीर भाजू शकते.

थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी तापत नाही, असा समज गॅरेजांतून पसरलेला आहे. थर्मोस्टॅट बिघडून बंद अवस्थेत अडकला असेल तर तो काढल्याने तात्पुरता आराम पडतो, हे खरे. कायमचा काढल्यास मात्र इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल अधिक जळते, सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुतले जाते आणि झीज वाढते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी तो गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून उघडतो की नाही हे घरीच पाहता येते. साध्या पाण्याऐवजी गंजरोधक शीतक व शुद्ध पाणी यांचे मिश्रण वापरावे. भारतातील बहुतेक भागात गोठण्याचा प्रश्न नसल्याने शीतकाचा खरा उपयोग ॲल्युमिनियमची झीज रोखणे हाच होय.

गॅस्केट फुटल्याची लक्षणे निश्चित आहेत. तेल मोजण्याच्या कांडीवर किंवा झाकणाच्या आत दुधाळ साय दिसते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात आणि इंजिन गरम झाल्यावरही नळीतून पांढरी वाफ निघत राहते. अशा वेळी केवळ नवे गॅस्केट घालणे व्यर्थ असते. हेड सपाट आहे का हे पट्टी व फीलर गेज यांनी तपासून, गरज पडल्यास यंत्रावर घासून घ्यावे लागते आणि बोल्ट ठरावीक क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळावे लागतात.

प्रज्वलन

पद्मिनीची ठिणगी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल व डिस्ट्रिब्युटर या यांत्रिक साखळीतून निर्माण होते. डिस्ट्रिब्युटरला कारागिरांच्या बोलीत 'डेल्को' म्हणतात. पॉइंट बंद असताना कॉइलच्या आतील वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडताच तो खंडित होतो व दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगला ठिणगी पडते. कंडेन्सरमुळे पॉइंटच्या तोंडाशी ठिणग्या उडत नाहीत व प्रवाह झटकन तुटतो. पॉइंट वारंवार जळून काळे पडत असतील तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो आणि नुसते पॉइंट बदलून काही साधत नाही.

पॉइंटमधील अंतर साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित खाली ठेवतात. अचूक आकडा त्या बनावटीच्या पुस्तिकेत पाहावा. हे अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते, म्हणून आधी अंतर व मग टायमिंग हाच क्रम योग्य. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. प्लगच्या तारा काढताना त्यांवर खूण न केल्यास क्रम चुकतो आणि इंजिन कार्बोरेटरमधून फटाके उडवू लागते. 'काल सर्व्हिसिंग केले आणि आज गाडी चालत नाही' या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण सापडते.

मुंबईच्या पावसात जुन्या गाड्या जागोजागी बंद पडण्याचे मुख्य कारण डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात शिरलेली ओल हे आहे. झाकण काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावे, तारा पुसाव्यात आणि झाकणाच्या आत केसासारखी काळी रेघ आहे का ते पाहावे. अशी रेघ असल्यास तेथून वीज गळते व झाकण बदलण्याखेरीज उपाय नसतो. हल्ली पुष्कळ मालक पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक जोडणी बसवतात. ती पॉइंटपेक्षा भरवशाची असते, पण बंद पडली तर रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत नाही. यास्तव जुने पॉइंट व कंडेन्सर गाडीत जवळ ठेवण्याची प्रथा आहे.

इंधन आणि त्यातील बदल

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगावरच बसवलेला असून तो कॅमशाफ्टच्या हालचालीवर चालतो. उन्हाळ्यात, वाहतुकीच्या कोंडीत इंजिन तापले की पंपातील व नळीतील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला असल्याने वाफ पुढे ढकलू शकत नाही व गाडी गचके खात बंद पडते. पंपावर ओले फडके ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबण्याचा टॅक्सीचालकांचा उपाय शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. दोष वारंवार उद्भवत असेल, तर नळी सायलेन्सरच्या नळकांड्यापासून दूर घेणे आणि पंप व इंजिन यांमधील उष्णतारोधक ठोकळी जागेवर आहे याची खात्री करणे आवश्यक ठरते.

ही गाडी ज्या पेट्रोलसाठी घडवली गेली, ते पेट्रोल आज उपलब्ध नाही. पहिला मोठा बदल शिशाचा. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. जुन्या इंजिनांत शिशाचे अंश झडप व तिची बैठक यांमध्ये मऊ थराचे काम करीत असत. तो थर नाहीसा झाल्यावर, विशेषतः सतत वेगात चालणाऱ्या गाड्यांत, निकासाच्या झडपांच्या बैठका झिजतात व झडप हळूहळू आत रुतते. त्यामुळे टॅपेटमधील अंतर कमी-कमी होत जाते. टॅपेट दर खेपेस घट्ट झालेले आढळणे ही या झिजेची पहिली खूण होय. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने बैठका वेगळ्या बसवलेल्या असतात. हेड उघडण्याची वेळ येईल तेव्हा त्या जागी कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्यास प्रश्न कायमचा सुटतो. सीएनजीवर चाललेल्या गाड्यांतही ही तपासणी अगत्याची आहे.

दुसरा बदल इथेनॉलचा. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र विकले जाते. एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला ती सुमारे १३.५ किलोग्रॅमच पुरते. आधुनिक गाडीचा संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचा जेट मात्र एका ठरावीक आकाराचे भोक असतो. परिणामी जुन्या इंजिनाला प्रमाणापेक्षा अधिक हवा मिळते, ते गरम चालते, वेग वाढवताना अडखळते आणि सकाळी सुरू होण्यास त्रास देते. मुख्य जेट थोड्या मोठ्या आकाराचा बसवून प्लगचा रंग पाहत जुळवणी करावी लागते. प्लगच्या टोकाचा फिकट तपकिरी रंग योग्य समजतात. पांढराफटक रंग हवा जास्त झाल्याचे, तर काजळी पेट्रोल जास्त झाल्याचे दाखवते.

यापेक्षा गंभीर बाब रबराची आहे. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात, मऊ होतात किंवा तडकतात. तडकलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर गाडी पेट घेऊ शकते. सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या बसवणे, त्यांवर बसवल्याची तारीख लिहून ठेवणे आणि गाडीत अग्निशामक नळकांडे बाळगणे हा खर्च अनावश्यक समजू नये. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिल्यास पाणीमिश्रित थर टाकीच्या तळाशी बसतो, टाकी आतून गंजते व तो गंज जेटमध्ये अडकतो. दीर्घकाळ गाडी उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल संपवून टाकणे हितावह असते.

ब्रेक, सुकाणू आणि गिअर

ड्रम ब्रेक नीट जुळवलेले असतील तर पद्मिनीच्या वेगाला पुरेसे असतात. उतारावर ते सतत दाबून धरल्यास ड्रम तापतो, अस्तराची पकड सुटते आणि पेडल कडक लागत असूनही गाडी थांबत नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम या गाडीला तंतोतंत लागू पडतो. जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच द्रवमार्ग असल्याने एका चाकाची गळतीही सर्व ब्रेक निकामी करू शकते. त्यामुळे दर आठवड्याला ब्रेकच्या द्रवाची पातळी पाहणे आणि चाकांच्या आतल्या बाजूस ओल आहे का हे तपासणे ही सवय असावी लागते. ब्रेकचा द्रव पाणी शोषतो, म्हणून तो स्वच्छ दिसत असला तरी साधारण दोन वर्षांनी बदलतात. ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जात असेल तर जिकडे ती ओढली जात नाही त्या बाजूच्या चाकाचा सिलिंडर अडकला असण्याची किंवा अस्तरावर तेल गेले असण्याची शक्यता अधिक असते. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ड्रममधील धूळ हवेने फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

पुढच्या निलंबनातील किंगपिनना नियमित ग्रीस लागते. ते न मिळाल्यास सुकाणू जड होते, पुढची चाके ठरावीक वेगाला थरथरतात आणि टायर एका कडेला झिजतात. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवल्यास ढिलेपणा जाणवतो.

खांबावरील गिअरदांड्याची जोडणी अनेक कड्या व बुशांमधून गिअरपेटीपर्यंत जाते. बुश झिजल्यावर दोन गिअरांच्या मध्ये दांडा अडकतो व गाडी रस्त्यातच अडून बसते. इंजिन बंद करून, बॉनेट उघडून खालच्या दोन कड्या हाताने मधल्या स्थितीत आणल्या की दांडा मोकळा होतो. ही युक्ती माहीत नसल्याने गाडी ओढून नेण्याचे प्रसंग येतात. बुश बदलण्याचे काम मात्र स्वस्त आहे.

दोषनिदानाची पद्धत

इंजिन चालण्यास योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन व पुरेसा दाब या तीन गोष्टी लागतात. बंद पडलेल्या गाडीत यांपैकी काय नाही हे आधी ठरवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहावा. प्लग, पॉइंट, कॉइल आणि कार्बोरेटर एकाच दिवशी बदलून टाकल्यास गाडी सुरू झाली तरी दोष कशात होता हे कळत नाही. शिवाय नव्या भागांपैकीच एखादा सदोष निघाला तर शोध अधिकच अवघड होतो. बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सर व रोटर यांचा दर्जा एकसारखा नसल्यामुळे असे वारंवार घडते.

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नसेल, तर बॅटरीची टोके, जमिनीची तार व सेल्फची जोडणी पाहावी. विश्रांत स्थितीत भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा १४ च्या आसपास गेला पाहिजे. जुन्या गाड्यांत डायनमो असल्यास मंद वेगात तो पुरेशी वीज देत नाही, हा दोष नव्हे. हेडलाइट मिणमिणणे, इंडिकेटर लावल्यावर भलताच दिवा लागणे यांसारख्या चमत्कारिक तक्रारी बहुतांशी इंजिन व सांगाडा यांमधील जमिनीची तार गंजल्याने उद्भवतात.

इंजिन फिरते पण पेट घेत नसेल, तर एक प्लग काढून, तारेला जोडून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठिणगी पाहतात. निळसर व टकटक आवाज करणारी ठिणगी चांगली; पिवळसर व क्षीण असल्यास पॉइंट, कंडेन्सर व कॉइल तपासावेत. ही चाचणी करताना आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी ठीक असेल तर कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडून, तिचे तोंड बाटलीत धरून पंप पेट्रोल फेकतो का हे पाहावे. गार असताना सुरू होणारी व गरम झाल्यावर न होणारी गाडी हा वेगळा प्रकार आहे. त्यात पेट्रोलची वाफ होणे, कार्बोरेटरची सुई गळून इंजिनात जादा पेट्रोल जाणे आणि तापल्यावर निकामी होणारी कॉइल किंवा कंडेन्सर हे तीन मुख्य संशयित होत. बंद पडताच लगेच ठिणगी तपासली तरच त्यांतला फरक कळतो. तासाभराने सगळेच ठीक दिसते.

ठिणगी व इंधन असूनही शक्ती नसेल, तर दाबमापकाने चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का याला महत्त्व आहे. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तेवढाच राहिला तर झडप गळते आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत तो सारखाच कमी असेल तर त्यांच्या मधले गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा. धुराचा रंगही बोलका असतो. निळा धूर तेल जळत असल्याचे, काळा पेट्रोल जादा असल्याचे व सतत निघणारा पांढरा धूर पाणी आत शिरत असल्याचे सांगतो.

सुटे भाग

मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर व कुर्ल्याचा भंगार बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट आणि चेन्नईत पुदुपेट ही जुन्या गाड्यांच्या भागांची परिचित ठिकाणे आहेत. इंजिनाचे झिजणारे भाग अजून मिळतात. दुर्मिळ झाले आहेत ते काचेच्या कडांची रबरे, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, दारांची कुलपे व पत्र्याचे मूळ भाग, म्हणजे टॅक्सीवाल्यांनी ज्यांची फारशी पर्वा केली नाही अशा वस्तू. म्हणून अपूर्ण गाडी स्वस्तात मिळत असली तरी पूर्ण गाडी घेणेच अखेरीस किफायतशीर ठरते. जुना भाग नवा मिळेपर्यंत टाकून देऊ नये. चांगला लेथ कारागीर नमुन्यावरून बुश, पिन व आस घडवू शकतो, पण त्याला नमुना हवा असतो.

नोंदणी व कायदेशीर स्थिती

भारतात खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहनाची योग्यता तपासून ती दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात याखेरीज जुन्या वाहनांवर पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली व राजधानी परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कठोर निर्बंध घातले. त्यामुळे तेथील अनेक जुन्या गाड्या अन्य राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, इंजिन व सांगाड्यावरील क्रमांकांची नोंदणी पुस्तकाशी जुळणी आणि नोंदणीची मुदत या तिन्ही बाबी पैसे देण्यापूर्वीच पाहाव्यात. क्रमांक न जुळणारी गाडी कितीही सुस्थितीत असली तरी तिचे हस्तांतर अडते.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'विंटेज' हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. त्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे टिकते व पुढील नोंदणीसाठी ५,००० रुपये भरावे लागतात. अशी गाडी प्रदर्शने, विंटेज फेऱ्या, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मुभा नाही. गाडीचा सांगाडा, बाह्य रूप व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशीही अट आहे. सोयीसाठी दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवलेल्या पद्मिनींना ही अट अडचणीची ठरते. 'पद्मिनी' या नावाने नोंदलेल्या अगदी पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये ५० वर्षे पूर्ण केली. १९८० व १९९० च्या दशकांतील गाड्या, ज्यांची संख्या आज सर्वाधिक आहे, त्या तोवर साध्या जुन्या वाहनांच्याच नियमांखाली राहतात आणि त्यांच्या मालकांना दर पाच वर्षांनी योग्यता तपासणीला सामोरे जावे लागते.